सोंगांची दिवाळी

दिवाळीला म्हाताऱ्या माणसांसाठी काय करायचं, हा प्रश्न दरवर्षी आमच्या स्वयंपाकघरात निघायचा आणि तिथंच मिटायचा. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, हिंगोली-वाशीम रस्त्याला लागून आमचा वृद्धाश्रम आहे. मी तिथं नर्स. बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या, जखमा धुवायच्या, कुणी घाबरलं तर हात धरून बसायचं, हे माझं काम. पण सणवार आला की आम्ही सगळे सगळंच करायचो.

दरवर्षीचं ठरलेलं होतं. एक कीर्तन, एक भजनी मंडळ, आणि शहरातून येणाऱ्या मंडळींच्या हातून फराळवाटप. त्यात फोटो. म्हातारी माणसं मुकाट बसायची. कीर्तन संपेपर्यंत निम्म्यांचा डोळा लागलेला असायचा.

त्या वर्षी मात्र आमच्या धनगर आजीनं बंड केलं. आजीचा सगळा जन्म मेंढरांमागं माळावर गेलेला. त्यामुळं तिचा आवाज एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारा. ती कानात कुजबुजली तरी फाटकावरच्या वॉचमनकाकांना ऐकू जायचं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "औंदा कीर्तन नको बाई. ते मेल्यावर हायेच की. जित्यापणी जरा हसवा आमाला."

मग बैठक बसली. बैठक म्हणजे काय, तर खालाच्या पुढ्यात मेथीचा ढीग आणि भोवती आम्ही. खाला आमची स्वयंपाकीण. हिंगोलीतल्या जुन्या मुसलमान घरातली, बोलायची निम्मं मराठी, निम्मं तिचं घरचं. आमचे व्यवस्थापक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, तेही मेथी निवडायला बसले. मी अंताक्षरी सुचवली. खाला म्हणाली, "आधे लोगां को सुनायी देत नै, गाणं कुठल्या अक्षरावर संपलं ते कोण सांगणार?" वॉचमनकाकांनी संगीत खुर्ची काढली. साहेबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की काका परत मेथीकडं वळले. मागच्याच महिन्यात एका आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

तेव्हा आमचा ड्रायव्हर बोलला. तो दाराला टेकून चहा पीत होता. "ताई, आपण त्यांचीच सोंगं करू. आपल्यातला एकेक जण त्यांच्यातला एकेक जण होईल. त्यांना त्यांचंच दाखवायचं."

साहेबांना ते पटेना. म्हणाले, "अपमान वाटला तर? वय झालंय लोकांचं."

"साहेब, त्यांना दिवसभर कोणी बघतच न्हाई," तो म्हणाला. "आपण इतकं बारीक बघतो, हे कळलं तर त्यांना बरंच वाटंल."

हा ड्रायव्हर नरसीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. तिशीचा, सडपातळ. घरी आई, बायको आणि शाळेत जाणारी एक लेक. आश्रमाची गाडी चालवायचा. कुणाला दवाखान्यात ने, कुणाचं औषध आण, कुणाच्या नातवाला स्टँडवरून घेऊन ये. एक दिवसाआड मोटारसायकलवर घरी जायचा, एरवी आश्रमातच झोपायचा. त्याच्या गळ्यात काय होतं देव जाणे, पण कुणाचाही आवाज तो एकदा ऐकला की काढायचा. सगळ्यात आधी त्यानं आजीचा उचलला. आजी व्हरांड्यात बसून कपाळावर हात आडवा धरायची आणि रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की ओरडायची, "कोण येऊन राहिलं रं?" तिच्याकडं कुणी येत नव्हतं. पण विचारायची. ड्रायव्हर गाडी घेऊन फाटकातून आत आला की तिच्याही आधी तिच्याच आवाजात ओरडायचा, "कोण येऊन राहिलं रं?" आणि मग आपल्या आवाजात उत्तर द्यायचा, "मीच की आजी, दुसरं कोण येतंय." आजी त्याला शिव्या द्यायची. दिवसातनं दहा वेळा त्याच्याबद्दल विचारायची. पोरगं जेवलं का, पोरगं कुठं गेलं, पोराच्या अंगात ताप तर न्हाई.

तर सोंगं ठरली. आमच्याकडं एक निवृत्त गुरुजी होते, प्राथमिक शाळेत आयुष्य गेलेले. त्यांचं सोंग वॉचमनकाकांकडं आलं. गुरुजींना ते कळलं तेव्हा त्यांनी काकांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "नक्कल करायची असेल तर नीट करा. मी खडू असा धरत नाही, असा धरतो." मग रोज दुपारी स्वतःच शिकवायला लागले. खालाकडं आले बहिरे आजोबा, जे कुणी काही विचारलं की हसून "बराबर आहे" म्हणायचे. ड्रायव्हर अर्थातच आजी होणार होता.

आजीनं त्याला आपलं हिरवं लुगडं दिलं. ते तिनं कधी नेसलेलं मी पाहिलं नव्हतं. पेटीच्या तळाशी होतं, डांबराच्या गोळीचा वास येणारं. कासोटा कसा घालायचा ते तिनं त्याला स्वयंपाकघरात उभं करून शिकवलं. तो दर वेळी मागचा सोगा सोडून द्यायचा आणि आजी त्याच्या पाठीत धपाटा घालायची. "आरं, बाईच्या जन्माला आला असतास तर उपाशी मेला असतास तू." खाला हसून हसून ओट्याला टेकायची. सराव झाला की तो लुगड्याची नीट घडी घालायचा आणि दारामागच्या खुंटीवर ठेवायचा.

ते दिवस माझ्या मनात फार उजेडाचे आहेत. सोयाबीन निघून गेलेलं, रान मोकळं, हवेत कोवळी थंडी. म्हातारी माणसं लवकर उठायला लागली होती. कुणाचं सोंग कोण करणार यावर त्यांच्यात पैजा लागायच्या. एक आजी तर रुसून बसली, तिचं सोंग कुणीच घेतलं नव्हतं म्हणून. तिचं मग मी घेतलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर बहिणीकडं गेला. बहीण वारंगा फाट्याच्या पुढं दिलेली. भाऊबीजेला सुट्टी मिळणार नव्हती म्हणून भाच्यांचे कपडे आधीच देऊन येतो म्हणाला. जाताना खालाच्या परातीतली दोन शंकरपाळी उचलून तोंडात टाकली. "खाला, मीठ जरा कमी आहे," असं साहेबांच्या आवाजात म्हणाला. साहेब मागं उभे आहेत हे त्याला दिसलं नव्हतं. साहेबही हसले.

दुपारी उशिरा साहेबांना फोन आला. खाला कढईपाशी होती, मी करंज्या लाटत होते. साहेब दारात येऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. मला वाटलं त्यांची शुगर उतरली. मी उठून त्यांचा हात धरला, तेव्हा ते म्हणाले, "फाट्यावर ट्रकनं मागून उडवलं. जागेवरच गेला."

खालानं झारा कढईतच सोडला. तेल उकळत राहिलं. मी गॅस बंद केला. मला एवढंच आठवतं की गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, वॉचमनकाका आणि मी त्याच्या गावी गेलो. त्याबद्दल मी फार लिहू शकत नाही. त्याची आई जवळ बसली होती आणि त्याच्या अंगावरचं पांढरं कापड सारखं सारखं नीट करत होती. बायको एका खोलीत होती, बाया तिला बाहेर येऊ देत नव्हत्या. लेक शेजारच्या घरी खेळत होती.

परत येताना गाडीत साहेब म्हणाले, "आश्रमात आत्ताच कुणाला सांगायचं नाही. दोघा-तिघांची हृदयाची तब्येत आपल्याला माहीत आहे. सण होऊ द्या. कार्यक्रम होऊ द्या. भाऊबीजेनंतर मी स्वतः सांगतो. तोवर तो आईकडं गेलाय, आई आजारी आहे, असं सांगा."

खालाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मेरे से नै होता साहब. वो पोट्टा मेरे हात का खाता था." पण तिनंही केलं. सगळ्यांनी केलं. साहेब सकाळचा पेपर फाटकावरच घ्यायचे आणि आपल्या खोलीत ठेवायचे. गुरुजींनी विचारलं तर म्हणायचे, दिवाळीची सुट्टी आहे, पेपर येत नाही.

मला वाटलं होतं की आजी पहिल्याच दिवशी मला कोंडीत पकडेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पहिल्या दिवशी तिनं विचारलंही. "पोरगं कुठाय?" मी म्हणाले, "आईला बरं नाही, गावी गेलाय." ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बरं हाय. आईपाशी राहू दे." त्यानंतर तिनं विचारलंच नाही. दिवसातनं दहादा विचारणारी बाई एकदाही बोलली नाही, आणि मला उलट हायसं वाटलं. जेवणाची ताटं अर्धी परत यायची. मी म्हटलं, फराळाचं खाऊन पोटं भरली असतील.

साहेबांनी आजीचं सोंग कार्यक्रमातून काढायचं ठरवलं. लुगडं दारामागं तसंच होतं. खाला तिकडं पाठ करून काम करायची. पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आजी काठी टेकत स्वयंपाकघरात आली, खुंटीवरचं लुगडं तिनंच उतरवलं आणि मला म्हणाली, "शिस्टर, तो न्हाई तर तू व्हय माझी. ये इकडं."

मी म्हणाले, "आजी, राहू दे ना. मला नाही जमणार."

"जमतंय. मी नेसवते."

तिनं मला ओट्यापाशी उभं केलं. माझ्याभोवती ते हिरवं कापड फिरवताना तिनं निऱ्या दोनदा मोडून पुन्हा घातल्या. म्हातारपणानं चुकत असेल, असं मला वाटलं.   कासोटा खोचून झाल्यावर तिनं माझ्या पाठीवर धपाटा घातला नाही. नुसता हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला.

कार्यक्रम चार वाजता सुरू झाला. सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुठ्ठ्याचा आकाशकंदील. पहिलं सोंग वॉचमनकाकांचं. त्यांनी गुरुजींसारखा चष्मा नाकावर घेतला, खडू बरोब्बर गुरुजींसारखा धरला आणि फळ्यावर "शिस्त" लिहायला गेले, तर त्यांना "शि"च्या पुढं सुचेना. लोक हसले. खाला बहिरे आजोबा झाली. मी तिला विचारलं, "आजोबा, जेवलात का?" ती हसून म्हणाली, "बराबर आहे." "आजोबा, तुमचं घर पेटलं." "बराबर आहे." खरे आजोबा टाळ्या वाजवत होते. खालाच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि सगळे म्हणत होते, बघा, हसून हसून रडली.

रुसलेल्या आजीचं छोटंसं सोंग मी उरकलं आणि मग धनगर आजीची पाळी आली. मी हिरवं लुगडं नेसून, काठी टेकत पुढं गेले. कपाळावर हात आडवा धरला. मला आजीची नक्कल येत नव्हती. मला येत होती ती त्याची नक्कल, तो आजीची करायचा ती. त्यानं केलेली आजी मी करत होते. मी ओरडले, "कोण येऊन राहिलं रं?"

सगळ्यांनी आजीकडं वळून बघितलं. मग आजी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. तिच्यामागून सगळे हसायला लागले. इतकं मोठ्यानं की मला आश्चर्य वाटलं, मी तर काहीच चांगलं केलं नव्हतं. मी दोन-चार वाक्यं बोलले, मेंढराला हाकारल्यासारखं केलं, सोगा सुटला तो सावरला. प्रत्येक गोष्टीला टाळ्या. त्यांचे चेहरे मला दिसत होते. सगळे माझ्याकडंच बघत होते, जसं आपण चालायला शिकणाऱ्या लेकराकडं बघतो.

साहेब आभार मानायला उठले तेव्हा गुरुजींनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. "साहेब, आधी मला दोन शब्द बोलायचे आहेत. खाला, तुम्हीही पुढं येऊन बसा. सिस्टर, तुम्हीही."

आम्ही बसलो. गुरुजी खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले.

"आपला ड्रायव्हर वारला," ते म्हणाले, "हे आम्हाला दूधवाल्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तुम्ही सांगत नाही आहात, म्हणजे आमच्या काळजीपोटीच सांगत नसणार. मग आम्ही सगळे मागच्या व्हरांड्यात बसलो आणि ठरवलं, की आपणही बोलायचं नाही. तुम्ही लोकांनी महिनाभर तयारी केली. हातात काम आहे तोवर ही पोरं उभी राहतील, असं आम्हाला वाटलं. कार्यक्रम चांगला झाला. आम्ही मनापासून हसलो, असं म्हणणार नाही. पण तुमच्यासाठी हसलो."

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पाच-सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करत होते, पण त्यांना रडताना त्या दिवशीच पाहिलं. खाला सतरंजीवर कपाळ टेकून हुंदके द्यायला लागली. मी तशीच बसून होते, आजीच्या लुगड्यात. आजी काठी टाकून माझ्याशेजारी खाली बसली. तिला खाली बसता येत नाही, गुडघे गेलेले, तरी बसली. माझं डोकं तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"तुमी आमाला लेकरावानी जपून राहिले," ती म्हणाली, "आन आमी तुमाला. आता बास झालं. रडा."

तिनं कुजबुजतच म्हटलं होतं. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला काही करू दिलं नाही. दोन आज्या स्वयंपाकघरात गेल्या आणि खालाला आत येऊ देईनात. त्यांनी चहा केला, पाक म्हणावा इतका गोड. बहिरे आजोबा कप घेऊन प्रत्येकापाशी येत होते. त्यांना कुणी नीट सांगितलं होतं का, किती कळलं होतं, मला माहीत नाही. माझ्या हातात कप देताना ते हसले नाहीत आणि "बराबर आहे" असंही म्हणाले नाहीत. खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो आणि म्हातारी माणसं उभी होती.

भाऊबीज झाल्यावर आजीनं हट्ट धरला, मला त्याच्या आईला भेटायचंय. साहेब म्हणाले लांब आहे, तकलीफ होईल. आजी म्हणाली, "मेंढरं घेऊन वाशीमपर्यंत चालत गेलेय मी. गाडीत बसायला काय तकलीफ." मग साहेबांनीच गाडी काढली. नवा ड्रायव्हर अजून मिळाला नव्हता, आणि मिळावा अशी खटपटही कुणी केली नव्हती. आजी, गुरुजी आणि मी मागं. साहेब इतकी हळू चालवत होते की सायकली पुढं जात होत्या. नरसीला नामदेवांच्या दर्शनाची गर्दी होती, रस्त्याच्या कडेला फुटाणे-बत्तासे घेऊन दुकानदार बसले होते. गुरुजींनी हात जोडले. आजीनं जोडले नाहीत. ती सरळ समोर बघत होती.

घरी त्याची आई ओसरीवर बसली होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण त्या काही दिवसांत वाळून गेलेली. साहेबांना आणि मला ओळखून तिनं आत हाक मारली, सुनेनं पाण्याचा तांब्या आणून तिच्या हाती दिला.  साहेब खाली बघत होते. गुरुजी ओसरीच्या कडेला टेकले.

मग आजी बोलली. "बाई, जेवून राहिलीस का न्हाई काही?"

त्याच्या आईनं झटकन मान वर केली. तिच्या हातातला तांब्या कलंडला. ती आजीकडं अशी बघायला लागली की मला भीती वाटली. "काहून?" आजी म्हणाली. "काहून अशी बघतीस?"

"तुमीच का त्या," ती म्हणाली. "मेंढरावाल्या."

"व्हय, मीच."

"रोज यायचा न्हाई घरी, पर आला की जेवताना तुमचाच आवाज काढायचा. माझी नात हसून हसून ताटात पडायची. मी म्हणायचे, आरं म्हाताऱ्या बाईची थट्टा करू नये. तर म्हणायचा, आई, थट्टा न्हाई, ती मला लई आवडती." मग तिनं गुरुजींकडं बघितलं. "आन हे मास्तर. खडू असा धरणारे." तिनं बोटं तशीच धरून दाखवली. गुरुजींनी चष्मा काढला. "तुमा सगळ्यांना मी ओळखते. त्यो व्हता तवर एकालाही बघितलं न्हाई, पर समद्यांना ओळखते."

ती आजीच्या जवळ सरकली आणि तिचे दोन्ही हात धरले. "बोला ना आजी. काही बी बोला. तुमी बोलल्या की त्योच बोलून राहिला असं वाटतंय."

 आयुष्यभर ज्या बाईच्या बोलण्याला लोक कंटाळत आले होते, तिला कुणीतरी बोल म्हणत होतं आणि तिला शब्द सापडत नव्हता. मग ती मेंढरांबद्दल बोलायला लागली. एका एडक्याबद्दल, जो फक्त तिच्या हाकेला यायचा. एका पावसाळ्यात कयाधूला पूर आला तेव्हा तो पलीकडं कसा अडकला, आणि ती अलीकडून दिवसभर कशी हाका मारत राहिली. त्यात आमच्या दुःखाचं काही नव्हतं. त्याची आई डोळे मिटून ऐकत होती. आतून त्याची लेक बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली आणि आजीच्या तोंडाकडं बघू लागली. ती थोडीशी हसली. आवाज तिच्या ओळखीचा होता ना.

निघताना साहेबांनी सुनेला आश्रमात काम देऊ केलं. ती महिन्याभरानं आलीही, लेकीला सासूपाशी ठेवून. पण आमच्या म्हाताऱ्यांना तिला बघवेना आणि तिला ते सोसवेना. ती झाडून काढत पुढं जायची, तर प्रत्येक खाटेवरून कुणीतरी तिचा हात धरून रडायला लागायचं. एक दिवस ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ताई, इथं मला सारखं विधवा व्हावं लागतं." साहेबांनी तिला हिंगोलीत एका दवाखान्यात काम बघून दिलं. ती अजून तिथंच आहे.

आजीनं मात्र त्या भेटीनंतर एक गोष्ट धरली. आठवड्यातून एकदा ती माझा फोन मागायची आणि त्याच्या आईला लावून द्यायला सांगायची. फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून ती बोलायची, आणि अख्खा व्हरांडा ऐकायचा. काय केलं आज, थंडी हाय का, नातीचा खोकला गेला का, हळद किती निघाली. पलीकडून फार कमी बोलणं यायचं. आजी थांबली की तिकडून एवढंच, "बोला ना आजी." आणि आजी बोलायची. कधीकधी दम लागायचा, तरी बोलायची. मी एकदा म्हटलं, आजी, आराम करा जरा. तर म्हणाली, "तिला आवाज पायजे. माझ्याजवळ दुसरं काय हाय द्यायला."

उन्हाळा सरता सरता आजी गेली. आजार असा नव्हता. दोन दिवस जेवण कमी झालं, तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती उठली नाही. तिचं कुणी आलं नाही. गुरुजींनी पाणी पाजलं, साहेबांनी अग्नी दिला.

तिच्या फोनच्या दिवशी मी फोन लावला नाही. मला धीर होत नव्हता. संध्याकाळी त्याच्या आईचाच आला. तिनं स्वतःहून कधी केला नव्हता. मी उचलला आणि नुसतं "हॅलो" म्हटलं. तिला तेवढ्यावरूनच कळलं असावं, कारण तिनं आजीला द्या असं म्हटलं नाही. मी सांगितलं. तिकडं कुठंतरी बकरी ओरडत होती, ते ऐकू येत होतं.

"शेवटी जेवल्या व्हत्या का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "दोन दिवस फारसं काही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं आता हे संपलं. पण पुढच्या आठवड्यात, त्याच दिवशी, तिचा परत फोन आला. मी घाबरत उचलला. ती म्हणाली, "ताई, तुमी जेवल्या का?" मी म्हणाले, जेवले.  मी तिला सांगितलं की आज आश्रमात वांग्याची भाजी होती आणि खालानं त्यात तिखट जास्त टाकलं. ती म्हणाली, त्यांच्याकडं पाऊस लांबलाय, पेरणी खोळंबली.

तेव्हापासून तिचा फोन येतो. माझा आवाज त्यानं कधी घरी काढून दाखवला होता का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. ती नातीच्या शाळेचं सांगते, मी इथलं सांगते, कोण आजारी आहे, कोण नवीन आलं. त्याचं नाव आम्ही दोघी काढत नाही. कधी बोलणं संपतं, तरी ती फोन ठेवत नाही, मीही ठेवत नाही. मग ती म्हणते, "बोला ना ताई." आणि मी काहीतरी बोलत राहते.